दादीच्या ओव्या आणि मुका झालेला संगणक

२००८च्या रमजानात आमच्या घरातला संगणक बदलला. डबा तोच होता, मॉनिटरही तोच. बदलली ती आतली ऑपरेटिंग सिस्टीम. तोवर घरात विंडोज एक्सपी होती, आणि ती त्या काळी बहुतेकांच्या घरी जशी यायची तशीच आली होती. बिलावर फक्त हार्डवेअर, बाकी सगळं दुकानदाराने 'टाकून दिलेलं'. पेन ड्राइव्हमधून व्हायरस आला की तोच दुकानदार शंभर-दोनशे रुपयांत फॉरमॅट मारून द्यायचा. त्या वर्षी हे तिसऱ्यांदा झालं. पुण्यात इंजिनीअरिंगला असलेला माझा भाचा सुट्टीला आला होता. त्याच्या बॅगेत कागदी पाकिटातली एक सीडी होती. उबुंटू. परदेशातून टपालाने आलेली, एक पैसाही न देता. ''मामू, हे टाकून बघू,'' म्हणाला. तरावीहला जायच्या आधी सीडी घातली, परत आलो तेव्हा संगणक नवा होऊन बसला होता.

लिहायला ऑफिस होतं, ब्राउझर होता, पत्त्यांचा खेळसुद्धा होता. मी खूश होऊन 'दादी' नावाचं फोल्डर उघडलं, पहिल्या फाईलवर दोनदा टिचकी मारली, आणि पडद्यावर एक चौकट आली. ही फाईल वाजवायला लागणारा एमपी-थ्री डीकोडर इथे नाही, शोधू का, असा तिचा आशय. शोध म्हटलं तर शोधणार कुठे? घरी इंटरनेट नव्हतं. स्पीकर गप्प.

त्या फोल्डरात काय होतं ते सांगायला हवं. माझी दादी बार्शी भागातली. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण दादी जात्यावर बसली की मराठीत गायची. भावाला, माहेराला, गावातल्या पिराच्या उरुसाला, आषाढात दारावरून जाणाऱ्या दिंडीला, सगळ्यांना तिच्या ओवीत जागा होती. १९९१ साली अब्बांनी टू-इन-वनवर एक साठ मिनिटांची कॅसेट भरली. जातं तेव्हा वापरातून गेलेलं होतं, तरी दादी त्याच्यापाशीच बसली, कारण नुसतं बसून ओवी आठवत नाही असं तिचं म्हणणं. १९९४ला ती गेली. तिचा आवाज म्हणून जगात एवढीच एक कॅसेट. २००४च्या सुमारास मी तिची एक बाजू एका ओळखीच्याकडून एमपी-थ्री करून घेतली आणि निर्धास्त झालो.

भाच्याने फाईल तपासली. ''मामू, फाईल धडधाकट आहे. ती वाजवायचा परवाना या सीडीवर नाही.'' मला वाटलं पोरगा थट्टा करतोय. आवाज आमच्या दादीचा, कॅसेट अब्बांची, संगणक माझ्या पैशाचा. मग परवाना कोणाचा?

या प्रश्नाचं उत्तर मी पुढची काही वर्षं तुकड्यातुकड्याने वाचत गेलो. ते जर्मनीतून सुरू होतं. एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी १९८०च्या दशकात आवाज लहान करण्याच्या मागे लागले होते. सीडीवरच्या आवाजाला सेकंदाला साधारण १४ लाख बिट लागतात. एवढा ऐवज टेलिफोनच्या तारेतून जाणं तेव्हा अशक्य होतं. त्यांनी माणसाच्या कानाचा एक स्वभाव वापरला. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही. मग तो साठवायचा कशाला? असं गाळत गेलं की फाईल अकराव्या हिश्श्यावर येते आणि ऐकणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. एमपेग-१ मानकाचा तिसरा स्तर म्हणून १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला हे तंत्र मान्य झालं, आणि जुलै १९९५मध्ये संस्थेतल्या लोकांनी आपसांत मत घेऊन फाईलच्या नावाला 'एमपी-थ्री' ही शेपटी लावली. दादीच्या ओवीतलं काय गाळलं गेलं असेल, हा विचार मला अजून अधूनमधून छळतो. मागे कुठेतरी कोंबडं आरवतं ते तर ऐकू येतं.

या गाळण्याच्या रीतीवर पेटंट होती, एकाच संस्थेची नव्हे, अनेकांची. फ्राउनहोफर आणि फ्रान्सची थॉमसन कंपनी मिळून परवाने विकायच्या. डीकोडर, म्हणजे फाईल उलगडून वाजवणारा कार्यक्रम, त्याचा दर एका नगाला पाऊण डॉलर. ज्याचं सॉफ्टवेअर विकलं जातं त्याला हे परवडतं. पण ज्याची सीडी फुकट वाटली जाते, जिची कोणीही कितीही नक्कल करावी असं तिच्या परवान्यातच लिहिलेलं असतं, त्याने कुठल्या नगाचे पैसे भरायचे? २००२ साली रेड हॅट लिनक्सच्या आठव्या आवृत्तीतून एमपी-थ्री काढून टाकलं गेलं ते यामुळेच. दक्षिण आफ्रिकेच्या मार्क शटलवर्थने ऑक्टोबर २००४मध्ये उबुंटू आणली तेव्हा तिनेही तीच वाट धरली. सीडीवर फक्त पेचात न सापडणाऱ्या गोष्टी, आणि बाकीचं ज्याचं त्याने आपल्या देशाचा कायदा बघून नेटवरून घ्यावं.

हे कज्जे पोकळ नव्हते. खुद्द मायक्रोसॉफ्टने फ्राउनहोफरला एमपी-थ्रीसाठी १ कोटी ६० लाख डॉलर मोजले होते. तरी २००७च्या फेब्रुवारीत अल्काटेल-ल्युसेंट कंपनीने सॅन दिएगोच्या कोर्टात दावा जिंकला की या तंत्रातली दोन पेटंट आमची आहेत, आणि ज्युरीने मायक्रोसॉफ्टवर १५२ कोटी डॉलरची भरपाई लावली. त्याच वर्षी न्यायाधीशांनी ती रद्द केली हा भाग वेगळा. पण पैसे भरून परवाना घेतलेल्याची ही गत, तर फुकट सीडी वाटणाऱ्याने किती भ्यावं!

आपल्याकडे कायदा निराळा आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. भारताच्या पेटंट कायद्याचं कलम ३(क) संगणकाच्या निव्वळ प्रोग्रॅमला पेटंट देत नाही. डिसेंबर २००४च्या अध्यादेशाने हे दार किलकिलं केलं होतं, पण २००५मध्ये संसदेने दुरुस्ती मंजूर करताना ते कलम गाळलं. त्याची फारशी चर्चा मराठी वर्तमानपत्रांत झाल्याचं मला आठवत नाही. पण सीडी जगभर एकच जाते. ती सगळ्यात कडक देशाच्या कायद्याला घाबरून बनवलेली असते, आणि त्या भीतीचा परिणाम बार्शीच्या ओवीवर होतो.

आता इथे एक कबुली द्यायला हवी. मुक्या संगणकावर मी चिडलो, पण आधीचा संगणक बोलका कसा होता? कोऱ्या एक्सपीतही सगळं वाजत नसे. एमपी-थ्री वाजायचं, पण डीव्हीडीचा सिनेमा चालत नव्हता, कारण त्याला लागणारा एमपेग-२ डीकोडर एक्सपीत नव्हताच. तो डीव्हीडी ड्राइव्हसोबत यायचा किंवा विकत घ्यावा लागायचा. आमचा दुकानदार विंडोज टाकल्यावर एका सीडीवरून पॉवरडीव्हीडी, विनॅम्प, के-लाइट कोडेक पॅक असं धडाधड टाकून द्यायचा. म्हणजे नव्या ऑपरेटिंग सिस्टीमशी जुळवून घेण्याचं जे काम होतं, ते दुसराच कोणीतरी आमच्या वतीने उरकत होता, आणि त्यातलं निम्मं चोरीचं होतं. त्यामुळे आम्हाला वाटायचं, संगणक म्हणजे वाजणारच.

'चोरीचं' हा शब्द मी त्या वेळी वापरला नसता. मोहल्ल्यातल्या मौलानांना एकदा सहज विचारलं होतं. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की जुन्या हनफी उलेमांत यावर दोन मतं आहेत, कारण हक्क ही हाताने धरता येणारी वस्तू नव्हे. पण आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८मध्ये कुवेतच्या बैठकीत ठराव केलेला आहे की लेखनाचे आणि शोधाचे हक्क शरीयतच्या नजरेत मान्य आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही. मला तो ठराव पटतो. रमजानात रोजा धरून चोरीच्या विंडोजवर तरावीहचं वेळापत्रक टाइप करणारे आम्ही, यावर हसावं की रडावं कळत नाही. त्याच वेळी हेही खरं की ठराव करणाऱ्यांसमोर लेखक आणि शोधक होते, कानाच्या स्वभावावर हक्क सांगणारा उंबरठा नव्हता. माझ्या दादीचा आवाज ऐकण्यासाठी तिसऱ्याच माणसाला पाऊण डॉलर का, याचं उत्तर त्या ठरावातून मला काढता आलेलं नाही.

पण गोष्ट एमपी-थ्रीवर थांबत नव्हती. दुसऱ्या फोल्डरात तिलावतच्या फाईली होत्या. सौदीतल्या चुलत्याने पाठवलेल्या, शेख महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजातल्या. या रेकॉर्डिंगला स्वतःचा इतिहास आहे. इजिप्तमध्ये लबीब अल-सईद यांनी कल्पना मांडली की ज्याप्रमाणे हजरत उस्मान यांच्या काळात कुराण एका लिखित प्रतीत बांधलं गेलं, त्याप्रमाणे शुद्ध पठण आवाजाच्या प्रतीत बांधून ठेवावं. १९६१मध्ये हुसरींच्या आवाजातला संपूर्ण कुराणाचा संच तयार झाला. उच्चार पुढच्या पिढीत बिघडू नये, एवढाच त्याचा हेतू. आणि माझ्याकडे तो आला होता रिअलऑडिओच्या साच्यात. १९९५मध्ये निघालेला हा साचा मंद मोडेमवरही आवाज वाहून न्यायचा, म्हणून त्या काळातल्या इस्लामी वेबसाइटींवर तिलावत, तकरीर सगळं त्याच रूपात असायचं. मात्र तो एका कंपनीच्या खासगी कुलपात. बिघडू नये म्हणून जपलेला उच्चार, आणि त्याची किल्ली सिएटलला!

यंत्राने आवाजाला अट घालणं तसं जुनंच. गौहर जानने नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात पहिल्या तबकड्या भरल्या तेव्हा तासभर गायचा राग तिला तीनेक मिनिटांत बसवावा लागला. शेवटी ती आपलं नाव इंग्रजीत पुकारायची, कारण तबकडी जर्मनीत हानोव्हरला बनणार आणि तिथल्या कामगारांना कोणाचा आवाज ते कळायला हवं. पण एकदा तबकडी घरी आली की ती कुठल्याही ग्रामोफोनवर वाजे. सुई परवाना विचारत नसे.

ईदनंतर भाच्याने उपाय केला. सायबर कॅफेत जाऊन पेन ड्राइव्हवर पॅकेजेस आणली. एक टाकलं की ते म्हणे मला आधी अमुक पाहिजे. ते आणलं की त्याला तमुक. तीन फेऱ्या झाल्या. त्यातल्या एका गठ्ठ्याचं नाव 'अग्ली' होतं. मी विचारलं, हे काय? तर क्लिंट ईस्टवुडच्या जुन्या सिनेमावरून त्या मंडळींनी आपल्या कोडेकचे गट पाडलेत. कसून लिहिलेले आणि कायद्याने निर्धोक ते गुड, काम कच्चं ते बॅड, आणि काम चोख पण पेटंटचा घोळ असलेले ते अग्ली. एमपी-थ्री अग्लीत. दादीला 'अग्ली'तून ऐकावं लागणार, यावर अम्मी पुढे कित्येक दिवस हसत होती.

रिअलऑडिओसाठी तर अजब प्रकार. विंडोजसाठी बनवलेले डीकोडरचे तुकडे उचलून लिनक्सवरच्या एमप्लेयरला खाऊ घालायचे, असं एक पॅकेज फिरायचं. ते अधिकृत भांडारात नव्हतं, मेडिबुंटू नावाच्या वेगळ्या भांडारात होतं. मी काही बोललो नाही. हुसरींचा आवाज आला तेव्हा फज्रची वेळ होत आली होती.

शेवटी भाच्याने टाकलं ते व्हीएलसी, नारिंगी सुळक्याचं. त्याचा जन्म मला फार आवडतो. पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या इंजिनीअरिंग कॉलेजात वसतिगृहाचं नेटवर्क विद्यार्थीच चालवायचे. ते जुनं आणि संथ झालं होतं. नवं हवं तर कारण दाखवायला हवं. म्हणून १९९६मध्ये पोरांनी उपग्रहावरचं टीव्ही चित्र नेटवर्कवरून सगळ्या खोल्यांत पोचवण्याचा प्रकल्प काढला. चित्र पाठवणारा एक कार्यक्रम, आणि ते बघणारा दुसरा. हा दुसरा म्हणजे व्हीएलसी. १ फेब्रुवारी २००१ला कॉलेजने तो मुक्त परवान्याखाली सोडायला परवानगी दिली. सुळका आला तो रस्त्यावरच्या अडथळ्यांच्या सुळक्यांवरून. पोरांनी ते कॉलेजात गोळा करून ठेवले होते. व्हीएलसीचं वैशिष्ट्य असं की सगळे डीकोडर त्याच्या पोटातच. विंडोजला काय येतं, लिनक्सला काय येतं, याची त्याला फिकीर नाही. फ्रान्सच्या कायद्यात सॉफ्टवेअरला पेटंट नाही, म्हणून हे पॅरिसमध्ये बसून त्यांना करता आलं. अमेरिकेत बसून असतं तर कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या असत्या.

कोर्टाची पायरी युरोपातही चढावी लागायची. नॉर्वेचा योन लेक योहानसन पंधरा वर्षांचा असताना, १९९९मध्ये, त्याने दोन अनामिक साथीदारांबरोबर डीव्हीडीचं कुलूप उघडणारा छोटा कार्यक्रम जगासमोर ठेवला. लिनक्सवर डीव्हीडी बघता यावी म्हणून केलं, असं त्याचं म्हणणं. जानेवारी २०००मध्ये पोलिस घरी आले, खटला झाला. ओस्लोच्या कोर्टाने जानेवारी २००३मध्ये त्याला निर्दोष सोडलं, आणि अपिलातही डिसेंबरमध्ये तोच निकाल आला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी स्वतःच्या यंत्रावर बघणं हा गुन्हा नव्हे, हे कोर्टाकडून लिहून घ्यायला तीन-चार वर्षं लागली.

याच्या अगदी उलटी तक्रारही त्या काळात चालू होती. विंडोजमध्ये मीडिया प्लेयर आयता मिळतो, म्हणून बाकीचे प्लेयर मरतात, असं युरोपियन आयोगाचं म्हणणं. मार्च २००४मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोचा दंड आणि प्लेयर नसलेली विंडोज काढण्याचा हुकूम झाला. 'एन' नावाची ती आवृत्ती निघाली, त्याच किमतीला. कमी सामानाला तेवढेच पैसे कोण देणार? ती जवळपास कोणी घेतली नाही. २०१२मध्ये विंडोज ८ आली तेव्हा मात्र मायक्रोसॉफ्टने आपणहून डीव्हीडी वाजवणं मूळ विंडोजमधून काढलं. लोक डीव्हीडी कमी बघतात आणि परवान्याचा खर्च मात्र प्रत्येक संगणकामागे पडतो, असा हिशेब. तेव्हा माझ्या एका शिक्षक मित्राचा फोन आला, नव्या लॅपटॉपवर मुलीच्या लग्नाची डीव्हीडी लागत नाही. मी त्याला सुळका दिला. २००८मध्ये मला जी चौकट दिसली होती, ती चार वर्षांनी विंडोजवाल्यांनाही दिसली, एवढंच.

आणि २०२२मध्ये आपल्याकडे त्या सुळक्याचीच वेबसाइट बंद झाली. फेब्रुवारीपासून भारतातून ती उघडेना, कारण कोणी जाहीर सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरमध्ये व्हीएलसीवाल्यांनी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने सरकारला कायदेशीर नोटीस दिली, आणि नोव्हेंबरमध्ये बंदी उठली.

एमपी-थ्रीचं कुलूप तोवर गळून पडलं होतं. पेटंटची मुदत वीस वर्षांची. एकेक करून ती संपत गेली, आणि २३ एप्रिल २०१७ला फ्राउनहोफरने परवान्याचा कार्यक्रमच बंद केला. रेड हॅटच्याच छायेतल्या फेडोराने महिनाभरात एमपी-थ्री पुरतं आत घेतलं. त्या बातमीला मथळे मिळाले 'एमपी-थ्रीचा मृत्यू' असे. खरं तर त्या दिवसापासून ते कोणाच्या मालकीचं राहिलं नव्हतं. मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ''मुबारक हो मामू, दादी 'अग्ली'तून सुटल्या.''

नवी कुलपं येतच आहेत. गेल्या वर्षी घरात विंडोज ११चा लॅपटॉप आला. भाचीच्या निकाहचा फोनवर काढलेला व्हिडिओ त्यावर लावला, तर आवाज आला, चित्र काळं. एचईव्हीसी नावाच्या साच्यातला तो, आणि त्याचा डीकोडर स्टोअरमधून वेगळा विकत घ्यायचा. रक्कम डॉलरच्या आतलीच. या वेळी अम्मीने मला विचारलंही नाही, स्वतःच म्हणाली, तो नारिंगी टोपीवाला टाक.

दादीच्या फाईली आता मी फ्लॅकमध्ये ठेवल्या आहेत, ज्यावर कोणाचा परवाना नाही. तसं करून गाळलेलं परत येत नाही, हे माहीत आहे. त्यासाठी कॅसेटच पुन्हा भरावी लागेल. ती पत्र्याच्या डब्यात आहे, आणि तिची दुसरी बाजू अजून कुठल्याच संगणकावर आलेली नाही. अब्बांच्या टू-इन-वनचा बेल्ट सैल झालाय, त्यामुळे दादी मधूनच जड आवाजात गायला लागते. बेल्ट सोलापुरात एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे मिळेल असं कळलंय.